मित्रोव्दानच्या आत खिडकी बसली पाहिजे

लाकूड कुजलंय की नाही हे कळायला सुतार लागत नाही. बोट खुपसायचं. आमच्या पुढच्या खोलीतल्या खिडकीच्या चौकटीत माझं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आरामात गेलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्याला कॉफीच्या चोथ्यासारखं काहीतरी काळंकुट्ट लागलेलं होतं. मी ते बायकोला, म्हणजे देसांकाला, दाखवलं. ती म्हणाली, "बोट धू आणि जेवायला ये." प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण तेवढ्यात मागून आवाज आला, "काय रे, कुठं बोटं घालतोयस?"

हे आमचे बाबा. स्वेतोझार. वय ऐंशीच्या घरात, जन्मभर रेल्वेत स्टेशनमास्तर. नोकरी सुटली पण स्टेशन सुटलं नाही. आमच्या घरात आजही सूप उशिरा आलं तर ते का उशिरा आलं याचा जबाब द्यावा लागतो. आणि मी? मी बावन्न वर्षांचा, शाळेत भूगोल शिकवणारा, मुलीचं लग्न लावून मोकळा झालेला माणूस आहे. डोक्यावर केस नाहीत. गुडघा पाऊस यायच्या आधी दुखतो. म्हातारा व्हायला जे जे लागतं ते सगळं माझ्यापाशी तयार आहे, फक्त मी अजून घरचा यजमान झालेलो नाही.

त्याचं असं आहे. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि वर्षातून एकदा त्याचा दिवस, म्हणजे स्लावा. आमचा संत दिमित्री, दिवस आठ नोव्हेंबर, मित्रोव्दान. त्या दिवशी जो सकाळी मेणबत्ती लावतो तो घराचा यजमान. बाप हयात असतानाच एखाद्या वर्षी राजीखुशीनं मेणबत्ती मुलाच्या हातात देतो आणि पाहुण्यांना सांगतो, आता हा. माझ्याबरोबर शाळेत नापास होणाऱ्या पोरांनासुद्धा त्यांच्या बापांनी कधीच मेणबत्त्या दिल्या. आमचे बाबा मात्र दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतात. एकदा मी वाइन गोड आणली म्हणून. एकदा पाहुण्यांसमोर जांभई दिली म्हणून. मी कुणाला बोलून दाखवत नाही, पण खरं सांगतो, ही गोष्ट मला लागते. फार लागते.

तर बाबांनी माझ्या बोटाकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं आणि स्टेशनवर घोषणा करावी तशा आवाजात म्हणाले, "मित्रोव्दानच्या आत नवी खिडकी बसव. बसली, तर यंदा मेणबत्ती तू लाव."

देसांकाच्या हातातला डाव पातेल्यावर तसाच थांबला.

"आणि नाही बसली तर?" मी विचारलं.

"तर मी आहेच की," बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

आता खिडकी का कुजली, हे सांगायलाच हवं. ती कुजली प्रोमायामुळे. समोरासमोरची दारं-खिडक्या उघडी राहिली की मधून जो वारा सुसाट धावतो, तो प्रोमाया. शहाण्यासुरत्या देशांत म्हणे लोक त्याला हवा खेळते असं म्हणतात आणि वर पैसे देऊन तशी घरं घेतात. आमच्याकडे प्रोमायानं मान धरते, कान वाजतात, दात हलतात, तोंड वाकडं होतं, आणि एकदा का पाठीतून शिरला की माणूस नीट होत नाही. त्यातून आमचं गाव व्हर्शात्स, सरहद्दीला लागून. इथं कोशावा वारा सुटला की रस्त्यावरची टोपी पकडायला लोक धावत नाहीत, ती आता रुमानियात गेली असं समजून नवी घेतात. त्या वाऱ्यापासून घर वाचवायचं म्हणून बाबा दर शरदात पुढच्या खिडकीच्या फटीफटीतून ऑइलपेंट भरायचे. एक हात रंग, मग लांबीचा लेप, मग आणखी एक हात रंग. मी कॉलेजात असताना ती खिडकी शेवटची उघडली होती. वारा आत आला नाही हे खरं. पण आत शिरलेलं पाणीही बाहेर गेलं नाही.

बातमी जिन्यात पोचायला वेळ लागला नाही. खालच्या मजल्यावरच्या ओल्गित्सा बाई त्याच संध्याकाळी वर आल्या. या बाई प्रोमायाच्या इतिहासकार आहेत. कुणाला कुठल्या साली कुठल्या दारात लागला, हे सगळं त्यांना पाठ.

"रादे, खिडकी काढणार म्हणे? नोव्हेंबरात? अरे, माझा दीर बसच्या खिडकीपाशी बसला होता, नुसता बसला होता, तर उतरताना अर्धं तोंड हसत होतं आणि अर्धं नाही."

"तो दारू प्यायलेला होता, ओल्गित्सा," देसांका म्हणाली.

"प्यायलेला होता म्हणून तर अर्ध्यावर निभावलं!" बाई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "माझं ऐक. प्लॅस्टिकची बसव. माझा भाचा बसवतो. मुंगी शिरत नाही आत."

प्लॅस्टिकची खिडकी बसवावी असं मलाही वाटत होतं. पण आमची गल्ली जुनी, घरं ऑस्ट्रियन काळातली, त्यामुळे रस्त्याच्या बाजूला खिळा ठोकायचा तरी जुन्या इमारतींच्या खात्याची परवानगी लागते. म्हणून मी शाळेतून रजा काढून त्या कचेरीत गेलो.

त्या कचेरीची रचना सांगतो, म्हणजे माझ्या केसांचं काय झालं ते कळेल. एक लहानशी खोली, तिला बाहेरच्या बाजूला दार आणि आतल्या बाजूला काउंटरची काच. काचेपलीकडे लोकरी शाल पांघरलेल्या बाई. दार उघडलं की प्रोमाया होतो म्हणून बाई काच खाली ओढतात. दार लागलं की काच वर. खोलीत एकावेळी एकच माणूस मावतो, बाकीची रांग बाहेर बोळात. आणि रांगेतल्या माणसाला तर कळायला हवं ना आपला नंबर आला का? तो दार किलकिलं करून विचारतो, "झालं का हो?" की लगेच काच खाली.

"मला फक्त खिडकीची..." मी म्हणालो. दार उघडलं. काच खाली.

"चौकट कुजली आहे आणि..." काच खाली.

शेवटी मी पाठीनं दार दाबून धरलं, एक पाय भिंतीला लावला आणि तशा अवस्थेत काचेपर्यंत मान लांब करून माझी कैफियत मांडली. बाहेरून एक म्हातारा दार ढकलत होता आणि मला अशी नावं ठेवत होता जी भूगोलाच्या शिक्षकाला रस्त्यात सहसा कुणी ठेवत नाही.

"लाकडीच बसवायची," बाई म्हणाल्या. "होती तशीच. दोन पल्ले बाहेर, दोन आत. रंग मूळचा."

"मूळचा कुठला?"

"तो तुम्हाला माहीत. खरवडून बघा. आणि अर्जावर यजमानांची सही आणा."

"मीच..." मी म्हणालो आणि थांबलो. खोटं कसं बोलणार? घर बाबांच्या नावावर. सही बाबांची. बाबांनी तो अर्ज दोनदा वाचला, एक स्वल्पविराम सुधारला आणि मग सही केली.

रंग आम्ही खरवडला. वरून पांढरा, त्याखाली करडा, त्याखाली तपकिरी, मग हिरवा, मग पुन्हा तपकिरी, आणि तळाशी एक असा रंग की त्यावर आम्हा तिघांचं एकमत झालं नाही. देसांका म्हणाली पिस्ता. बाबा म्हणाले सैन्याचा हिरवा. मला तो बुरशीचा वाटला, आणि तो बुरशीचाच निघाला.

सुतार मिळाला झिवान. झिवान मिस्त्री म्हणजे सहा फुटी माणूस, कानावर पेन्सिल आणि तोंडात दुसरी. घरात आला, चौकटीवर बोटानं टकटक केलं आणि म्हणाला, "हे तुम्हाला कोणी करून ठेवलं?"

हा प्रश्न आमच्या देशात प्रत्येक कारागीर पहिल्यांदा विचारतोच. नळवाला विचारतो, वायरमन विचारतो, दंतवैद्यसुद्धा तोंड उघडायला लावून हेच विचारतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मान हलवायची, 'काय सांगू मिस्त्री' म्हणायचं आणि घोटभर रकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू, पुढे करायची. पण बाबा म्हणाले, "मी."

झिवानच्या तोंडातली पेन्सिल खाली पडली.

"तुम्ही, यजमान? इतका रंग? अहो, ही खिडकी श्वास कोंडून मेलीय!"

"वारा आत आला का कधी?" बाबांनी विचारलं.

"वारा कुठून येणार?"

"मग झालं तर. खिडकीनं तिचं काम केलं."

झिवाननं माझ्याकडे बघितलं. "मास्तर, तुमचं काय म्हणणं?" मला मास्तर आणि बाबांना यजमान. चौकट बदलायचा खर्च कोण देणार होतं? मास्तर! मी रकिया ओतली.

त्यानं त्याच दिवशी अख्खी चौकट पल्ल्यांसकट उपटली आणि गाडीत घातली. नमुना डोळ्यांसमोर असला की हात बरोबर चालतो म्हणाला. भोकावर नायलॉनचा कागद ताणून बसवला आणि "परवा येतो" म्हणून गेला. मी समाधानानं हात चोळले. मित्रोव्दानला अजून चांगले दहाबारा दिवस होते.

आणि इथं मी ती चूक केली जी आमच्याच मातीतला माणूस करू शकतो. मी झिवानला सगळं विचारलं. लाकूड कुठलं, बिजागऱ्या कुठल्या, काच किती जाडीची. एक विचारायचं राहिलं, की बाबा रे, तुझा संत कोण? झिवानचा संत निघाला लूका. त्याची स्लावा ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी. स्लावाचा माणूस आदल्या दिवशी तयारी करतो, त्या दिवशी पाहुणे करतो, दुसऱ्या दिवशी उरलेल्या पाहुण्यांना उरलेलं वाढतो आणि तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतो. त्यानंतर जे जे त्याच्याकडे येऊन गेले, त्यांच्या त्यांच्या स्लावांना त्यानं जायचं असतं. नाही गेला तर जन्माचं वैर. शरदात आमच्या गावात सुतार असतात, पण ते सगळे कुणाच्या तरी टेबलाशी बसलेले असतात.

मी चिडून त्याला फोन लावला. पण दिवस त्याच्या स्लावाचा! तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "स्लावा सुखाची होवो, यजमान!" ते न म्हणून कसं चालेल? आणि एकदा ते म्हटल्यावर त्यापुढे शिव्या कशा घालायच्या? झिवान गहिवरला. "मास्तर, तुम्ही आठवण ठेवलीत! या, या, आत्ता या!" मी गेलो. चांगली रकियाची बाटली घेऊन गेलो. म्हटलं निदान आपली खिडकी कुठवर आली ते दिसेल. दिसली. अंगणात सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर माझी जुनी चौकट आडवी टाकलेली होती आणि तिच्यावर केकची ताटं गार व्हायला ठेवली होती. झिवानच्या बायकोनं मला त्यातलाच एक कापून दिला. अक्रोडाचा होता. उत्तम होता, हे कबूल करायला मला त्रास होतो.

इकडे कोशावा सुटला. नायलॉनचा कागद आधी फुगला, मग आत ओढला गेला, मग फाडफाड फाडफाड असा वाजायला लागला की बाजूच्या खोलीतही बोलणं ऐकू येईना. देसांका टोपी घालून स्वयंपाक करायची. बाबा मफलर, फरची टोपी आणि वर बायकांचा एक स्कार्फ अशा वेषात घरभर फिरायचे आणि दर थोड्या वेळानं कान चाचपून बघायचे. "लागला," म्हणायचे. "आता लागला. डाव्या बाजूनं लागला."

एके दिवशी शाळेतून घरी आलो तर घर शांत. ऊबही आलेली. देसांका टोपीशिवाय उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता जो मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिला आहे. पुढच्या खोलीत बाबा हातमोजे घालून, हातात पिचकारीचा डबा घेऊन उभे होते, आणि त्यांच्या मागे खिडकीच्या भोकात पिवळंधमक, फुगलेलं, शेवयांच्या खिरीसारखं काहीतरी भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं होतं. फोम. दुकानातले सगळे डबे आणले होते त्यांनी. आधी भोकाला फळ्या लावल्या आणि मग कडेकडेनं फोम मारला. त्यावर आणखी फोम.

"आता ये म्हणावं," बाबा म्हणाले. हे ते कोशावाला म्हणत होते.

मी काय केलं? मी मूर्खासारखा टाळ्या वाजवल्या. दोन रात्री मेल्यासारखा झोपलो.

मित्रोव्दानच्या आदल्या दिवशी दुपारी झिवान आला. नवी चौकट आणि चारही पल्ले घेऊन आला, हे विशेष. चौकट सुंदर होती. पाइनचं लाकूड, वास असा की खोलीभर जंगल. देसांकानं तिच्यावरून हात फिरवला. मग झिवाननं वळून भोकाकडे बघितलं.

"हे तुम्हाला कोणी करून ठेवलं?"

यावेळी बाबा टोपी सारखी करायला लागले.

फोम दगडासारखा वाळलेला. झिवाननं करवत लावली, मग पटाशी, मग देसांकाची पाव कापायची सुरी. फोम निघाला, पण एकटा निघेना. फोमबरोबर गिलावा आला, गिलाव्याबरोबर वीट आली, आणि एक वीट तर आत न येता बाहेरच गेली. आम्ही चौघं कान लावून ऐकत राहिलो. खाली काहीतरी फुटलं. थोड्या वेळानं दारावर थाप पडली आणि ओल्गित्सा बाई दोन्ही हातांत वीट धरून उभ्या.

"रादे, तुझी वीट. माझ्या जिरेनियममध्ये होती."

"माफ करा, बाई."

"कुंडीचं काही नाही रे. पण दार लाव आधी, दार लाव! प्रोमाया!"

आता भोक चौकटीपेक्षा मोठं झालं होतं. झिवाननं चौकट उभी केली, पाचरी ठोकल्या, विटा बसवल्या, सिमेंट भरलं आणि मागे सरून बघितलं. चौकट उभी राहिली. मी पल्ल्यांकडे हात केला.

"छे छे, मास्तर. ओलं आहे. आत्ता पल्ले टांगले तर वजनानं सगळं खाली बसेल. परवा टांगू."

"अरे बाबा, उद्या मित्रोव्दान आहे!"

"मला माहीत नाही होय? उद्या मला तीन घरी जायचंय. तुमच्याकडे संध्याकाळी येतो, काळजी करू नका." आणि त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि गेला.

स्लावा पुढे ढकलता येत नाही. पाहुण्यांना येऊ नका म्हणता येत नाही, कारण मुळात त्यांना या असंही म्हणायचं नसतं. ज्यांना यायचं ते येतात. मी त्या रिकाम्या चौकटीतून समोरच्या डोंगराकडे बघत उभा होतो, तेवढ्यात बाबांनी कपाट उघडून चर्चमधून आणलेली लांब मेणबत्ती काढली आणि आपल्या खोलीकडे निघाले.

"कुठं चाललात?"

"ठेवून देतो. उद्या मला लागेल."

"बाबा, चौकट बसलीय!"

"चौकट म्हणजे खिडकी नव्हे. खिडकी बसली तर, असं ठरलं होतं."

माझा तोल गेला. "फोम कोणी मारला? सांगा ना, फोम कोणी मारला? मी दोन आठवडे सुताराच्या दारात केक खात बसलो, काचेच्या खिडकीत मान अडकवून घेतली, आणि तुम्ही...! तुम्हाला द्यायचीच नाहीये मला. सरळ सांगा. नापास करायचं असेल तर परीक्षा कशाला घेता?"

माझा आवाज फुटला. बावन्नाव्या वर्षी, मेणबत्तीसाठी. मला लाज वाटली आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही लपवायला खोलीत धड एक खिडकीसुद्धा नव्हती जिच्यातून बाहेर बघितल्यासारखं करावं. बाबा मेणबत्ती दोन्ही हातांनी धरून उभे होते.

देसांका आली, कोपरापर्यंत पीठ. "बाबा, मेणबत्ती द्या इकडे," ती म्हणाली. "उद्या रादे लावेल. ही संध्याकाळपर्यंत जळली, तर पुढं कायमची त्याची. मधेच विझली, तर तुमची, आणि मग आम्ही दोघं पुन्हा शब्द काढणार नाही. कबूल?"

बाबांनी त्या उघड्या भोकाकडे बघितलं. बाहेर कोशावानं एक पत्रा कुठेतरी नेऊन आपटला. बाबांच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसलं, की त्यांना वाटतंय आपण जिंकलो.

"कबूल, सूनबाई," ते म्हणाले आणि मेणबत्ती दिली.

सकाळी आम्ही चौकटीवर नायलॉन ठोकला, त्यावर लग्नातली रजई ठोकली, त्यावर गालिचा. खोलीत अंधार झाला. मी मेणबत्ती लावली. पाद्री आले, मंत्र म्हणायला पुस्तक उघडलं आणि म्हणाले, "स्वेतोझार, दिसत नाही रे काही. तो गालिचा जरा बाजूला कर."

"यजमानाला विचारा," देसांका म्हणाली.

पाद्र्यांनी माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "बरं," म्हणाले आणि पाठ होतं तेवढं म्हटलं. मी आणि त्यांनी मिळून स्लावाचा गोल पाव फिरवला, त्याच्यावर वाइन ओतली, मोडला. ज्योत सरळ होती.

मग पाहुणे. दाराशी मी ओल्गित्सा बाईंना उभं केलं, कारण या कामाला त्यांच्यापेक्षा लायक माणूस व्हर्शात्समध्ये नाही. बाहेरचं दार लागल्याशिवाय त्या आतलं उघडू देत नव्हत्या. "एकेक! एकेक! आधी ते लावा! अहो डॉक्टर, तुम्ही शिकलेले ना?" पाहुणे आत यायचे, उकडलेल्या गोड गव्हाचा एक चमचा तोंडात टाकायचे आणि सवयीनं थेट बाबांकडे जाऊन हात मिळवायचे. "स्लावा सुखाची होवो, यजमान!" बाबाही हात पुढे करायचे. एकालाही दुरुस्त केलं नाही त्यांनी. आणि दिवसभर बसलेही नाहीत. आमच्याकडे स्लावाच्या दिवशी पाहुणे बसतात, यजमान दिवसभर उभा असतो. ओततो, वाढतो, पण टेकत नाही. तर त्या दिवशी आमच्या घरात दोन माणसं उभी होती. मी ट्रे घेऊन, आणि बाबा भिंतीशी हात मागे बांधून.

"बसा ना, बाबा," मी दोनदा म्हणालो.

"बरं वाटतंय उभं राहिलं की."

मला काय ते कळलं. मी दात ओठ खाऊन कोबीच्या पानांत खिमा गुंडाळलेले सारमे वाढत राहिलो.

दुपार कलली तेव्हा खोली गच्च भरली होती. मी दोन्ही हातांत रकियाचे पेले भरलेला ट्रे घेऊन टेबलाच्या पार टोकाला होतो, आणि त्याच वेळी कोशावानं बाहेरून असा धक्का दिला की गालिचा, रजई आणि नायलॉन, तिन्ही खिळ्यांसकट आत आले आणि मिलेवा आत्यावर पडले. अख्खी खोली एका आवाजात ओरडली, "प्रोमाया!" लोकांनी कॉलर वर केल्या, कानांवर हात ठेवले, बायका पोरांवर ओणवल्या. रुमाल उडाले. आणि मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. अगदी आडवी, निळी, एवढीशी. माझ्या हातात ट्रे. मी फक्त बघत होतो.

आणि बाबा पळाले. ऐंशीचा माणूस, ज्यानं जन्मात कधी खिडकीपाशी खुर्ची टाकली नाही, तो दोन खुर्च्या पाडून त्या भोकापाशी गेला, चौकटीत चढला, बाहेरच्या वाऱ्याला पाठ दिली आणि कोटाचे दोन्ही पदर हातांनी ताणून उभा राहिला. नव्या चौकटीत बाबा असे चपखल बसले की जणू मापच त्यांचं घेतलं होतं. वारा थांबला. ज्योत थोडी डोलली आणि पुन्हा उभी राहिली.

"बाबा, उतरा! मान धरेल!" मी म्हणालो.

"वाढ तू," बाबा म्हणाले. "लोक उपाशी बसलेत."

ते उतरले नाहीत. देसांकानं गालिचा पुन्हा ठोकायचं काढलं तर म्हणाले, भिंत ओली आहे, ठोकू नका, पडेल. आम्ही त्यांच्या पाठीला उशा बांधल्या, कानांवर टोपी घातली. संध्याकाळी झिवान आला. बाबांना बघून त्यानं आधी चौकट हलवून बघितली आणि छाती फुगवून सगळ्यांना म्हणाला, "बघा! माणूस पेलतेय." पाहुणे हसत होते, बाबांना घासातला घास देत होते, आणि बाबा चौकटीत उभ्या उभ्या खात होते. मला मात्र हसू येत नव्हतं. मी काहीतरी कारण काढून सारखा स्वयंपाकघरात जाऊन येत होतो.

शेवटचे पाहुणे गेले. मी पेल्यात वाइन घेतली, मेणबत्तीच्या ज्योतीवर दोन थेंब सोडले आणि ती विझवली, जशी विझवायची असते तशी. धूर सरळ वर गेला.

बाबा खाली उतरले. मान एका बाजूला धरलेली होती आणि ती पुढे तीन आठवडे तशीच राहिली, ओल्गित्सा बाईंनी ती गावभर दाखवली. ते हळूहळू चालत टेबलाशी आले, मधली खुर्ची ओढली आणि त्या घरात, स्लावाच्या दिवशी, माझ्या आठवणीत पहिल्यांदा खाली बसले. मग वाकड्या मानेनं माझ्याकडे वर बघत म्हणाले, "काय हो यजमान, पाहुण्याला काही विचारणार आहात की नाही?"

मी त्यांना रकिया ओतली. काठोकाठ ओतली, थोडी टेबलावर सांडली. देसांका म्हणाली, "अरे, तू पण टेक आता, सकाळपासून उभा आहेस." पण मी काही बसलो नाही.